दोरीवर उरलेली एकच पिशवी

लाडक्या एर्मिनियास म्हाताऱ्या भावाचे आशीर्वाद.

मक्याच्या पिठाचे तामाल पानात बांधण्याआधी आई केळीचं पान विस्तवावरून फिरवायची, तो चर्रर्र आवाज सकाळपासून कानात आहे. इथे जंगलातल्या केंद्रावर मी पाळलेली अळीही तशीच सुगरण! पान गुंडाळते, तोंडातल्या रेशमानं बांधते नि आतच कोश होते.

तिच्यातून निघेल अशी आशा आहे तो पतंग आजवर एकदाच सापडलाय. पंखावर पिवळा ठिपका निघाला तर तोच. नुसत्या अळीवरून ओळख पटत नाही. लहानपणी तामाल उघडून बघायचो, तसं एक पान मी उतावळेपणानं उघडलं आणि कोश सुकून गेला. कोशांची पानं पिशव्यांत घालून दोरीवर टांगली होती, त्यातली आता एकच पिशवी उरलीय.

मी मजेत आहे. रस्ता परवाच मोकळा झाला, पण बसच्या गचक्यांत कोश दगावेल, म्हणून तुझ्याकडे यायला पाय निघत नाही. स्वयंपाकीण निकोलासाबाई टोमणे मारतात, "मास्तर, कोंडून घ्यायचं काम अळीचं, तुमचं नव्हे!"

गुरुवारी तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन. शेजारीण येईल ना सोबतीला? भीती वाटली तर चौथीतली धुक्याची कविता मनात म्हण. मीही इथे तीच म्हणतो, खिडकीशी.

थांब, दार वाजतंय.

एर्मिनिया, दारात तूच! गुडघाभर चिखल, कडेवर आईचं तामालचं पातेलं. म्हणतेस, "मागच्या पत्रात गचक्यांचं रडगाणं लिहिलंस ना? यात ओलं फडकं घालून तुझी पिशवी ठेव. घरापर्यंत मांडीवर धरून बसते मी. ऊठ, दादा!"

आता हे पत्र तुझ्याच हातात देतो.

तुझा एलादियो