कढीपत्त्याचा डबा

शनिवार, १२ मार्च १९८३, ईसा टाउन

मिनी मोठ्याने इतिहास वाचत होती. अमेरिकेतली इंग्रजांची पहिली वसाहत. कंपनीने सोनं शोधायला माणसं पाठवली. सोनं मिळालं नाही, कितीतरी उपाशी मेली. मग तंबाखू लावली, बायका बोलावून घेतल्या.

"आणि परत कधी गेले?" मी विचारलं.

"दे सेटल्ड, आई."

आमचे हे पेपर टाकून एकदम बाहेर गेले. का? धड्यात यांचं काय होतं? 'दोनच वर्षं' म्हणून मला इथे आखातात बोलावलं, त्याला सहा झाली. जाताना न्यायचा म्हणून कढीपत्ता मी डब्यातच ठेवलाय.

संध्याकाळी पाणी घालायला गेले, तर डबा रिकामा. कढीपत्ता अंगणात लावलेला, आळंसुद्धा केलेलं.

"डबा गंजला होता," म्हणाले.

मी उलटा करून बघितला. कुठेही गंज नाही.