बस रिकामी नव्हती

खलिफा सिटी, अबुधाबी
शुक्रवार, २८ मे २०१०

प्रिय साधना,

आईंना नमस्कार, वेदला पापा. मी बरा आहे, डबा वेळेवर खातो.

पक्की बातमी आधी सांगतो. मिहिकाला प्रोजेक्ट पुन्हा सादर करायचा आहे, सहा जूनला, रविवारी सकाळी दहाला. तिच्या गाईड शहरबानू मॅडमनी काल स्वतः फोन करून तसं कळवलं. तोवर तिचा निकाल राखून ठेवलाय. दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या कंपनीला तिनं सगळं खरं सांगितलं. पंधरा जूनपर्यंत डिग्रीचा कागद आला तर नोकरी, नाही तर दुसऱ्याला घेऊ, असं त्यांचं उत्तर आलं.

‘युनिव्हर्सिटीची काहीतरी टेक्निकल भानगड’ असं मी तुला फोनवर म्हणालो होतो. फोनवर तू प्रश्न विचारतेस आणि माझी उत्तरं बदलत जातात. म्हणून आज शेजारचा सुरेश पुण्याला निघालाय त्याच्या हाती हे पत्र देतोय.

प्रोजेक्ट तुला ठाऊक आहे. स्कूलबसमध्ये मूल चढताना कार्ड दाखवतं, उतरताना पुन्हा दाखवतं. शेवटच्या स्टॉपला आकडे जुळले नाहीत तर गजर होतो, म्हणजे एखादं पोर गाडीत झोपून राहिलं असेल तर कळावं. इथल्या उन्हात बंद गाडी म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. चार वर्षं आयटी शिकून पोरीनं निवडलं काय, तर हे. तिच्या वर्गातले बाकीचे शॉपिंगच्या वेबसाइट करत होते.

अडचण एकच होती. मुलं उतरताना कार्ड दाखवायला विसरतात, त्यामुळे गाडी रिकामी असली तरी गजर वाजायचा. मिहिका तीन आठवडे त्याच्याशी झगडत होती. जेवताना ताटाकडे लक्ष नसायचं. मी काही सुचवायला गेलो की म्हणायची, “बाबा, लेट मी.”

डेमो बारा मेला होता. आदल्या दुपारी मी क्लिनिकमधल्या अपॉइंटमेंट लिहायच्या कामावरून लवकर आलो. ती बाहेरच्या खोलीत झोपली होती, लॅपटॉप टेबलावर उघडा. मी बसलो आणि एक ओळ घातली. इंजिन बंद झालं की सगळी मुलं उतरली असं धरायचं. दहा मिनिटांचं काम. सॉफ्टवेअरच्या ऑफिसात वीस वर्षं हेच केलं होतं, क्लायंटसमोर डेमो नीट होऊ दे, बाकी मग बघू.

दुसऱ्या दिवशी गजर एकदाही वाजला नाही. मिहिकाला वाटलं, तिनं रात्री केलेली दुरुस्ती लागू पडली. ए ग्रेड मिळाली. तू तिकडे पेढे वाटलेस.

चार दिवसांनी ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली. मी भांडी घासत होतो.

“बाबा, हू रोट दिस?”

मी म्हटलं, अगं, डेमोपुरतं होतं, नंतर काढूनच टाकणार होतो.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “बट बाबा, बस रिकामी नव्हती ना. मी आज टेस्टला एक कार्ड आत ठेवलं होतं, तरी गजर वाजला नाही.”

साधना, ते कार्ड म्हणजे एक मूल होतं. माझ्या ओळीनं ते गाडीतच ठेवून दार लावलं.

मी म्हणालो, कुणाला कळणार नाही, ओळ काढ आणि गप्प बस. होय, बाप असून हे बोललो. ती दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेली. त्यांनी विचारलं, घरातल्या कोणी मदत केली का? ती म्हणाली, ओळ बाबांनी लिहिली, पण न तपासता माझं नाव लावून मी दिली, तेव्हा चूक माझी. मी खाली गाडीत बसून होतो. वर जायचा धीर झाला नाही.

गेल्या वर्षी ऑफिसातली नोकरी गेली, तू वेदला घेऊन पुण्याला गेलीस. तेव्हापासून पंधरा महिने ‘हे तुम्हाला जमेल का’ असं मला कुणी विचारलं नव्हतं. मिहिकानंही नाही. त्या दुपारी मीच स्वतःला विचारलं आणि जमलं म्हणून खूश झालो. सबब म्हणून सांगत नाही. तुला ठाऊक असावं एवढंच.

पोरगी पुन्हा कामाला लागली आहे. आता इंजिन बंद झालं की गजर होतोच, आणि ड्रायव्हरनं शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन तिथलं बटण दाबल्याशिवाय गजर थांबतच नाही. इतकं साधं. मला वीस वर्षांत सुचलं नसतं, कारण मी नेहमी गजर बंद कसा होईल तेच पाहिलं. तिनं माणूस मागपर्यंत कसा जाईल ते पाहिलं. हे तिनं माझ्याकडून उचललेलं नाही. तुझ्याकडून असेल.

काल ती म्हणाली, “बाबा, संडेला फ्री आहात?” या वेळी चाचणी कॉलेजच्या खऱ्या बसमध्ये आहे. मॅडमना विचारून तिनं मलाही एक कार्ड दिलंय. मी ते दाखवून चढायचं, शेवटच्या सीटवर बसायचं आणि उतरायचं नाही. इंजिन बंद होईल, गजर वाजेल, ड्रायव्हर मागे चालत येईल. ती म्हणते, इन्शाल्ला.

रविवारी दहाला, म्हणजे तुमच्याकडे साडेअकराला, फोनजवळ राहा. या वेळी आधी ती बोलेल.

तुझा,
शेवटच्या सीटवरचा
प्रल्हाद