शहाणं बाळ

आई, तुझ्या पणतीला दवाखान्यात कुणीतरी शहाणी म्हणालं, म्हणून हे लिहायला बसले. एरवी मला पत्रांचा सोस नाही, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर तर नाहीच.

म्हणाल्या त्या सूनबाईच्या आई, येलहंक्याहून रोज डबा घेऊन येणाऱ्या. "बघा तरी, रडणं नाही, काही नाही. किती शहाणं बाळ!" मी दुपट्यांच्या घड्या घालत होते. हात तिथेच थांबला. राजाजीनगरला तुझ्या घरी, स्वयंपाकघरात, लेकाला मांडीवर घेऊन, मीही एकदा हेच म्हणाले होते. तू फोडणी जळू दिलीस आणि माझ्याकडे वळलीस. "शहाणा म्हणू नकोस. भूक लागली की आकांत करू दे त्याला." मग गॅस बंद करून, माझ्याकडे न बघता, सांगितलंस की माझ्या आधी तुला एक मुलगा झाला होता. येणारी-जाणारी सगळी त्याला शहाणा म्हणत होती आणि तू सुखावत होतीस. तो शहाणा नव्हता, त्याच्यात रडायचं बळ उरलं नव्हतं. पाचवी पुजायची राहूनच गेली.

मी नातीच्या तळपायाला टिचकी मारली. ती कुरकुरली आणि पुन्हा झोपली. सूनबाईने पाजायला घेतलं, तर दूध ओढेना. हातपाय गार. मी नर्सला हाक मारली. बाळांची डॉक्टर आली, तरुण मुलगी, तिने लगेच रक्त काढून पाठवलं. थोड्या वेळाने जंतुसंसर्ग दाखवणाऱ्या सी-आर-पीचा रिपोर्ट लेकाच्या फोनवर आला.

"आई, नॉर्मल आहे. डिस्चार्ज घेऊया. परवा पाचवी, घरी सगळी तयारी झालीय."

"नॉर्मल म्हणजे आत्तापुरतं. घरी जायचं नाही."

"तू ना, घराचीसुद्धा लॅब करतेस!"

करते. जन्मभर लॅबमध्ये हाच आकडा छापून लोकांच्या हातात दिला आहे. जंतू रक्तात शिरले तरी तो लगेच चढत नाही, शरीराला वेळ लागतो. पहिले काही तास तोही गप्प असतो, बाळासारखाच. लोक तेवढ्यावर पेढे वाटत घरी जातात. डॉक्टर कानडी मिसळत लेकाला म्हणाली, "अज्जी सांगतायत ते सरी आहे. बाळाकडे बघून मला संशय येतोय, मी आकड्यासाठी थांबणार नाही. अँटिबायोटिक सुरू करते, उद्या पुन्हा तपासू."

"पण पाचवी इथे कशी होणार?" विहीणबाई रडवेल्या झाल्या.

"होईल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आकडा कितीतरी पटीने चढलेला होता. लेकाने रिपोर्ट वाचला आणि बाकावर बसून राहिला.  मी त्याच्या शेजारी बसले, एवढंच. पुढे कल्चरमध्ये जंतूही सापडले. सुरू केलेलं औषधच त्यांना लागू पडणारं होतं.

पाचवीला बाळ काचेपलीकडे होतं, हाताला सलाईन. संध्याकाळी मी नर्सकडून पेन मागून घेतलं आणि खोलीतल्या टेबलाच्या खणात एका कोऱ्या कागदावर ठेवलं, सटवीसाठी, तू ठेवायचीस तसं. यावर मी तुला किती टोमणे मारले असतील! कुणी पाहिलं नाही.

मग एका सकाळी काचेपलीकडून आवाज फुटला. विहीणबाई दचकल्या. "अय्यो, केवढं रडतेय! स्वल्प थोपटायला सांगा ना कुणीतरी."

"असू दे," मी म्हटलं. "आकांत करू दे." आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

आज घरी सोडलं. बाळ सूनबाईच्या हातात दिलं, भुकेने किंचाळणारं. झबली, टोपरं आणि दुपटी तिच्याच पिशवीत. रिपोर्टांची फाइल लेकाकडे. विहीणबाईंना त्यांचा डबा, घासून. नर्सला तिचं पेन. कागद मात्र मी कुणाला दिला नाही. सटवीने तो कोराच ठेवला होता. हे त्याच्यावरच लिहिलं आहे.