मी पण डुक्कर!

१ जून, संध्याकाळ

आज माझा कागदावरचा वाढदिवस. माझ्या लेकीने, पल्लवीने, मोबाईलवर चिनी राशी पाहिल्या. ती पंच्याण्णवची, म्हणून डुक्कर. मी सत्तरची, म्हणून कुत्रा. पिंपळगावहून आलेली आई मेथी निवडता निवडता म्हणाली, "सत्तर कुठलं गं? लढाई झाली त्या वर्षीची तू, एकाहत्तरची. दिवाळीच्या पाडव्याची. शाळेत घेत नव्हते, मग मास्तरांनी वय वाढवून एक जून लावला."

म्हणजे मी पण डुक्कर! लेकीसारखीच! एरवी कुणी डुक्कर म्हटलं असतं तर भांडले असते. आज घरभर नाचले.

पण आई इतकी वर्षं गप्प कशी? छे, गप्प कुठे होती? दर पाडव्याला बाबांच्याही आधी ती मलाच ओवाळायची. मी समजत होते, दिवाळीचंच आहे.