अंगणासमोरचा खांब

पुणे,
ता. ४ सप्टेंबर १९६२

ती. गोपाळमामांस,
वत्सलेचा शि. सा. न. वि. वि.

विद्यापीठातल्या खगोल विभागाच्या प्रमुखांना आज तिसऱ्यांदा भेटले. एम.एस्सी.ला गणितात पहिली आले याचे त्यांनी कौतुक केले आणि लग्न ठरेपर्यंत शिकवण्या करायला सुचवले. संशोधनाला वेध घ्यावे लागतात, ते रात्री; आणि मुलींना वेधशाळेत रात्री थांबता येत नाही. मग तारे दिवसा कसे दिसायचे, असे विचारले, तर हसले.

शेवटी म्हणाले, अंधारी जागा आणि घरचे वडीलधारे माणूस तूच शोध. दिवाळीपर्यंत सोय झाली तर छोटी दुर्बीण देतो, नावही नोंदवतो. नाहीतर विभागातली तुझी जागा दुसऱ्या कुणाला. मामा, रिह्यात अजून वीज नाही ना?

मामींस नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

आपली,
वत्सला

रिहे,
ता. १० सप्टेंबर

चि. वत्सलेस,
अ. उ. आ. वि. वि.

धरण आमच्या तालुक्यात आणि वीज मुंबईत, त्यामुळे अंधार मुबलक आहे. वडीलधारे माणूस म्हणजे मीच. नऊला झोपतो खरा, पण माझे घोरणे जागत्या पहाऱ्यासारखे आहे, असे तुझी मामी म्हणते. आकाश झाकतो म्हणून तिने अंगणातला शेवगाही छाटून घेतला. तुमच्या प्रमुखांना मी संस्कृत वळणाच्या इंग्रजीत संमतिपत्र धाडले आहे. कळले नाही तर विद्वत्तेचे म्हणून मान्य होईल.

लोभ वाढावा, चष्म्याचा नंबर वाढू नये.

तुझा,
गोपाळमामा

रिहे,
ता. १४ ऑक्टोबर

चि. वत्सलेस,
अ. उ. आ. वि. वि.

घात झाला. गावाला दिवे मिळावेत म्हणून कित्येक वर्षे अर्ज लिहिणारा मीच. वैतागून शेवटच्या अर्जात एक श्लोक रचून घातला, आणि तो मेला फळला! काल माणसे येऊन खांब रोवून गेली. पहिला आपल्याच अंगणासमोर. सरपंच कोंडिबा म्हणाला, गुरुजी, लई कागद खरडले तुमी, पयला मान तुमचा. तो हलवता येईल का, असे मी विचारताच त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. शेजारच्या धोंडाबाईला यंदा अंधारातच फुरसे चावले. गावाचा दिवा नको, हे कोणत्या तोंडाने सांगू?

डोंगरावरच्या वाडीची रंभाबाई दूध घालायला येते. तिने सारे ऐकले आणि म्हणाली, पोरीला आमच्या खळ्यावर आणा. तितं खांब यायला आमची नातवंडं म्हातारी व्हतील. मोबदला एकच, वाडीसाठीही तसाच अर्ज लिवा, शोलोकासकट.

अर्ज लिहून झाला आहे. पण माझ्या श्लोकांची आता धास्ती वाटते. तुझे संशोधन चार वर्षांचे. त्याआधीच तिथे दिवा लागला तर? अर्ज टाकू की थांबू, तूच कळव. नऊची झोप अकरावर गेली आहे.

रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझा,
गोपाळमामा

पुणे,
ता. १८ ऑक्टोबर

ती. गोपाळमामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग तुमच्या श्लोकावर दातओठ खाल्ले. प्रमुखांना वाडी चालेल. मात्र खळ्यासाठी वेगळे संमतिपत्र हवे, कारण आधीचे अंगणाचे होते! रंभाबाईचा अंगठा चालेल का, ते कारकुनाला विचारून सांगणार आहेत.

अर्ज आजच टाका. फुरशी वाडीतही असतातच. मला नुसते हो म्हणायला या लोकांनी चार महिने घेतले. वाडीला उत्तर येईपर्यंत माझे निम्मे तारे तरी मोजून होतील. दिवा आलाच, तर त्याच्याही वरचा डोंगर शोधू.

दुर्बीण घेऊन दिवाळीच्या पाडव्याला येते. घोरण्यासह तयार असावे, आणि माया आहे तशीच असू द्यावी.

आपली,
वत्सला

ता. क. माझ्यासाठी म्हणून तुम्ही अर्जातला श्लोक हळूच गाळाल. तो घालून टाका.