पाठल्याची प्रार्थना

६ जानेवारी, सोमवार

नाशिकला पोचले. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत दुसरा मजला, तीन खोल्या. पुढच्या दोन खोल्यांत संस्थेचं ऑफिस आणि मागची खोली माझी. खिडकीतून समोरच्या बंगल्यातलं रामफळाचं झाड दिसतं. संस्था छोटी आहे, जुनी मराठी ख्रिस्ती हस्तलिखितं जपते. मनोज ओहोळ सर ती चालवतात. निवृत्त मराठीचे शिक्षक आहेत, सत्तरीचे, अजून स्कूटर चालवतात. मी येणार म्हणून त्यांनी टेबलावर द्राक्षांची पेटी ठेवली होती.

भाषाशास्त्रात एम.ए. करून दोन वर्षं नांदगावात घरी बसले होते, त्यामुळे आज फार छान वाटतंय. काम आवडीचं आहे. दीडशे वर्षांपूर्वी थॉर्नली नावाच्या पाद्रीने पेठकडच्या डोंगरी बोलीत प्रार्थनांची वही लिहिली. ती टाइप करायची आणि मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची, म्हणजे त्या बोलीच्या लोकांना ऐकता येईल.

आईला फोन केला. डबा संपला का, एवढंच तिने तीनदा विचारलं. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच घरी एकटी राहते आहे.

९ जानेवारी, गुरुवार

वहीच्या प्रेमात पडले आहे. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. परक्या हाताने काढलेली देवनागरी, पण चुका कमी. शेवटी अकराशे शब्दांची यादी आहे. गवताच्या नऊ जाती, माशांची नावं, भात लावून कंबर धरते त्या दुखण्याचं वेगळं नाव. या लोकांचं बोलणं त्याच्याआधी कुणी कागदावर उतरवलं नसेल. पण मध्येच कुठेतरी तो त्यांना ‘अजाण लेकरे’ म्हणतो आणि माझा पेन थांबतो.

सर म्हणाले, दोन्ही खरं धरायचं. आमच्या खापरपणजोबांना अशाच कुणा पाद्रीने पाटी दिली. गावाने ती दिली नव्हती. त्याच पाद्रीने त्यांचं नावही बदललं. जुनं नाव काय होतं ते आज आमच्यात कुणालाच माहीत नाही.

थॉर्नलीची शिकवायची रीत साधी होती. डोंगरातल्या दुधवणपाड्यावर झाडाखाली बसायचं, ‘माझ्या मागून म्हणा’ म्हणायचं, आणि लोक म्हणायचे.

११ जानेवारी, शनिवार

आज एक शब्द भेटला. बायबलमध्ये ‘कैवारी’, म्हणजे पवित्र आत्मा आहे ना, जो कायम आपल्याबरोबर राहील असं प्रभूने सांगितलं, त्यासाठी थॉर्नलीने बोलीतला ‘पाठल्या’ घेतला आहे. यादीत अर्थ दिला आहे: पाठीशी राहणारा, दिसत नाही, पण सोडून जात नाही. किती नेमका शब्द आहे. आपणही म्हणतोच की, देव पाठीशी आहे.

दुपारी पहिलं रेकॉर्डिंग केलं. सरांनी माझ्या खोलीच्या भिंतींना गोधड्या लावल्या आहेत. प्रार्थना अशी आहे:

पाठल्या, ये. आमचे मांगं रहा. आमचे तोंडात तुजा बोल घाल.

चांगली लय आहे. सात वेळा वाचली, सातवी ठेवली.

१४ जानेवारी, मंगळवार

रेकॉर्डिंगमध्ये घुमारा येतोय. प्रत्येक वाक्यामागे तेच वाक्य, अगदी हळू. सरांनी आणखी दोन गोधड्या आणल्या, खिडकीला उशी लावली. तरी येतोच.

घुमारा असेल तर आवाज लहान होत विरत जातो. हा विरत नाही. ‘रहा’ मी तोडून म्हणते, तो ओढून म्हणतो.

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी दूधवाल्याला म्हणाले, उद्या अर्धा लिटर जास्त दे. मागून कुणीतरी म्हणालं, उद्या अर्धा लिटर जास्त दे. माझाच आवाज. दूधवाला माझ्या खांद्यावरून आत बघत होता. मी वळले. कोणी नव्हतं.

माइक बंद होता. आज रेकॉर्डिंग नव्हतंच.

१७ जानेवारी, शुक्रवार

सर बायडाबाईंना घेऊन आले. दुधवणपाड्याच्या आहेत, साठीच्या पुढच्या. द्राक्षाच्या कामाला मखमलाबादला लेकीबरोबर आल्या आहेत. उच्चार तपासायला त्यांना बोलावलं होतं. चहा घेतला, गवतांची नावं ऐकून खूश झाल्या. दोन नावं त्यांच्या आईनंतर त्यांनी कुणाच्याच तोंडून ऐकली नव्हती.

मग मी प्रार्थना वाचली. पहिल्याच शब्दाला त्यांनी कप खाली ठेवला.

किती वेळा म्हणलीस, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, रोज. गेला आठवडाभर. त्या उठून भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मग हळूहळू सांगितलं. रानातून, मसणातून येताना माणसाच्या मागे जो चालतो तो पाठल्या. त्याच्याकडे वळून पाहत नाहीत, त्याचं नाव घेत नाहीत. म्हणून त्यांच्या पाड्यावर आजही पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही.

मी म्हणाले, मग पाद्रीला हा शब्द सांगितला कुणी?

“आमच्याच मानसानी सांगला,” त्या म्हणाल्या. “तो इचारत व्हता, दिसत नाय न् मानसाला सोडत नाय, असा कोन हाय तुमच्यात? मग सांगला. त्यानी नाव इचारला. बोलवायचा का नाय, ता नाय इचारला.”

मी काहीतरी म्हणाले. काय ते आठवत नाही, कारण लगेच मागून तेच पुन्हा आलं आणि या वेळी सरांनी ऐकलं. बायडाबाईंनीही. त्या चप्पल न घालताच जिना उतरल्या.

१८ जानेवारी, शनिवार

सरांनी सगळी रेकॉर्डिंग्ज पुसली. माझ्यासमोर, एकेक करून.

दुपारी आईचा फोन आला. थोडं बोलल्यावर तिने विचारलं, कोण गं मैत्रीण आहे शेजारी? तुझ्यासारखंच बोलते. मी म्हणाले, कोणी नाही आई. ती हसली. म्हणाली, बघ, आताही म्हणाली, कोणी नाही आई.

मी फोन ठेवला. गुडघे टेकून प्रार्थना करायला बसले. लहानपणापासून मला हेच माहीत आहे, दुसरं काही येत नाही. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणाले. मागूनही तेच आलं, अगदी भक्तिभावाने. मी थांबले. त्याने वाक्य पुरं केलं.

२० जानेवारी, सोमवार

सर कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. कान साफ आहेत. डॉक्टरांनी थेंब दिले.

मागून येणारा आवाज आता मागे राहत नाही. माझ्याबरोबरच येतो. दोन आवाज एकाच वेळी, आणि घसा एकच दुखतो.

भिंतीला पाठ लावून बसलं की आवाज भिंतीतून येतो. वळून मी कधीच बघत नाही. आरशासमोरही जात नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

सर थॉर्नलीची रोजनिशी घेऊन आले. इंग्रजीत आहे, इतकी वर्षं संस्थेच्या कपाटात पडून होती. मी मराठीत उतरवून ठेवते.

‘मंडळी मनापासून माझ्या मागून म्हणते. अकरा जण आहेत, पण उत्तर बारा जणांचे वाटते.’

‘प्रगती विलक्षण. आता ते माझ्याबरोबरच म्हणतात.’

‘आज मी तोंड उघडण्याआधीच प्रार्थना ऐकू आली. किती धन्य वाटले.’

‘सभेला कोणी आले नाही. पाडा रिकामा आहे. तरी प्रार्थना झाली.’

पुढे पानं कोरी. सरांकडे एका दुसऱ्या मिशनऱ्याचं पत्र आहे. थॉर्नली झाडाखाली बसलेला सापडला, धडधाकट. त्याला बोटीने परत पाठवलं. नंतर तो वीस वर्षं जगला आणि एक शब्दही बोलला नाही. पत्रात शेवटी लिहिलंय की डोंगरात मात्र तो अजून उपदेश करताना ऐकू येतो, असं लोक सांगतात.

किती आनंदात होता तो. कुणाला एकदा विचारलं असतं तर.

२२ जानेवारी, बुधवार

सर मखमलाबादला जाऊन आले. बायडाबाई काम अर्धवट टाकून गावी गेल्या, पण लेकीकडे निरोप ठेवला आहे. बोलू नकोस. अजिबात नाही. त्याला म्हणायला काही मिळालं नाही की तो जातो. त्या वेळी पाड्यावरची माणसं महिनाभर मुकी राहिली आणि वाचली. पाद्री बोलत राहिला.

आणखी एक. ज्याचा आवाज पाठल्याने घेऊन झाला, त्याच्या दारात येऊन जो कुणी त्या आवाजाला ओ देईल, त्याच्यामागे पाठल्या जातो.

सरांना मी कागदावर लिहून दिलं: आजपासून माझं बोलणं बंद. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मोठ्या माणसाला असं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस शांतता.

आईला मेसेज केला, घसा बसलाय, फोन करू नकोस. ती मेसेज वाचते की नाही देव जाणे. चष्मा सापडत नाही तिला, आणि नेटही बंद ठेवते.

शांत आहे सगळं. रामफळाच्या झाडावर पोपट आलेत. कदाचित—

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी अकराला उन्हात बसले होते. मागून माझा आवाज म्हणाला, भूक लागली.

मी काही बोलले नव्हते. मग मला भूक लागली.

तो आता आधी बोलतो.

२६ जानेवारी, रविवार

दिवसभर बोलत होता. आधी तो बोलतो, मग ते माझ्या मनात येतं. उठते, म्हणाला. उठले. पाणी. प्यायले.

खाली शाळेतली मुलं झेंडावंदनाहून परत जात होती. हात करून बोलवावंसं वाटलं. तसं काही तो म्हणाला नव्हता, म्हणून तेवढं माझं. असं समजते.

सर उद्या पहाटे पेठला निघतील. बायडाबाईंना हातापाया पडून आणतो म्हणाले.

२७ जानेवारी, सोमवार, सकाळ

सर गेले.

आईचा फोन आला. मी उचलला, फक्त तिचा आवाज ऐकायला. ओठ दातांखाली दाबून धरले होते. ती हॅलो हॅलो करत होती.

मागून माझा आवाज म्हणाला, “आई, मला बरं नाही. ये ना.”

आई म्हणाली, “निघते गं बाळा. रडू नकोस.”

मी ओरडले, येऊ नकोस. पूर्ण ताकदीने ओरडले. काहीच आलं नाही. नुसती हवा.

फोन कट. पुन्हा लावला तरी काय सांगणार. वीस मेसेज केले. एकही वाचलेला नाही.

सोमवार, दुपार

सरांचा फोन लागत नाही. घाटात असतील.

बाहेर जाऊन तिला गाठायचं म्हटलं तर तो माझ्याबरोबर येणार. इथेच थांबते. दार आतून लावलंय. ती दमेल, परत जाईल. जाईल का—

मागे अखंड चालू आहे. माझ्या आवाजात. आईला आवडतं ते गाणं, प्रार्थना, शाळेतली कविता.

सोमवार, साडेतीन

जिन्यावर आई. पाऊल ओळखते मी. गुडघा दुखतो तिचा, एकेक पायरी चढते.

कडी ढिली आहे. दाराला पाठ लावून बसले आहे, पाय समोरच्या कपाटाला. हे पान फाडून दाराखालून सरकवते.

आई, आधी चष्मा लाव. हे वाच. ओ देऊ नकोस. मी बोलत नाही, मला बोलताच येत नाही. जी बोलते ती मी नाही. तू हाक मारलीस आणि आतून उत्तर आलं तरी गप्प राहा. जिना उतर. सर येईपर्यंत खाली वाण्याच्या दुकानात बस. मी ठीक आहे. माझ्या पाठीला दार आहे, माझ्या मागे त्याला जागाच नाही, म्हणून आता खोलीत शांत आहे. बघ, किती शांत

शांत नाही. आवाज येतोय. खोलीतून नाही.

माझ्या मागून. दाराच्या पलीकडून. तू उभी आहेस तिथून. तो म्हणतोय, आई, मी इथे आहे, वळ ना, ओ दे—

आई वळू नको आई ओ दे