सासऱ्यांच्या स्विंगमधली गळती

३ मार्च
आजपासून बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, स्विंगबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. काल जेवताना बोललो तेवढं पुरे. माणूस एकेकाळचा प्रोफेशनल गोल्फर. गोल्फची काठी डोक्यावर नेतात आणि तिथेच थांबतात. चांगले श्वासभर. मग खाली. मित्रमंडळी त्यांना 'सिग्नल' म्हणतात. बॉल बुटका उडतो, जरासा उजवीकडे वळतो आणि मुकाट हिरवळीच्या मधोमध जाऊन बसतो. पाणी, वाळू, झाडी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अख्खी कारकीर्द अशी. मी एवढंच म्हटलं, की त्या थांबण्यात एनर्जीची गळती होते. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दाखवलंसुद्धा.

५ मार्च
बोललो. पण त्यांनीच विचारलं. जावईबापू, ती गळती काढायची कशी? यावर गप्प बसणं उद्धटपणा झाला असता. तेवीसला जुन्या क्लबात त्यांचा शेवटचा सामना. नंतर गुडघ्याचं ऑपरेशन, मग खेळ बंद. शेवट तरी झोकात व्हायला हवा ना!

९ मार्च
प्रॅक्टिस. न थांबता स्विंग. बाबांचा बॉल शेजारी सराव करणाऱ्याच्या बॉलच्या बादलीत. हा ट्रान्झिशन फेज. बायको म्हणाली, अरे, तू स्वतः खऱ्या मैदानावर कधी खेळलायस? म्हटलं, प्रश्न थिअरीचा आहे. मग थिअरीला भांडी घासायला लाव, म्हणाली. भांडी घासली.

१४ मार्च, सकाळी
ठरलं. आज स्पष्ट सांगायचं. बाबा, माझं चुकलं, तुम्ही आपले थांबा.

त्याच दिवशी, संध्याकाळी
नाही सांगितलं. ते इतके खुशीत होते! सारखे हसत होते. सासूबाई म्हणाल्या, दाढ दुखत असली तरी ते असेच हसतात.

१८ मार्च
सासूबाईंनी स्वयंपाकघरात गाठलं. जावयाला नाही कसं म्हणायचं, म्हणून ऐकतायत हो ते तुमचं. बाथरूमच्या आरशासमोर हात वर नेऊन थांबून बघतात. आता थांबायलाच जमत नाही, म्हणतात.
म्हटलं, म्हणजे सुधारणा पक्की बसली.
त्यांनी जेवताना भाजी परत विचारली नाही.
हे मी का म्हटलं? तोंडातून निघालं. उद्या नक्की सांगतो.

१९ मार्च
उद्या.

२३ मार्च
सामना. पहिला बॉल पाण्यात. दुसरा झाडीत. सगळे म्हातारे मित्र माना वर करून उभे, सिग्नल कधी लागतोय म्हणून. लागला नाही. कुणी हसलंही नाही. हसले असते तर बरं झालं असतं. परतताना गाडीत बाबाच मला म्हणाले, वारा फार होता हो आज. वारा होता, हे इथे लिहून ठेवतो. झाडाचं पान हलत नव्हतं, हेही.

२४ मार्च
माफीचं वाक्य पाठ करून गेलो. बाबा दिवाणखान्यात गालिच्यावर कप आडवा ठेवून हळूहळू बॉल ढकलत होते. एकामागून एक, सगळे कपात. बसा जावईबापू, म्हणाले, काल उन्हात दमलात. वाक्य अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात म्हणाले, ऑपरेशननंतर एवढंच उरेल आता, हे तरी बरोबर आहे का, बघता जरा?
बघितलं.
अंगठा थोडा वर घ्या, म्हटलं.